तुझ्या हातात काय?

कुमुदताईंच्या मीनलचा फोन आला तेव्हा मी आमच्या कोम्बिनीच्या मागच्या खोलीत एका खोक्यावर बसून डबा खात होते. कोम्बिनी म्हणजे दिवसरात्र उघडं असणारं, दुधापासून टपालाच्या तिकिटापर्यंत सगळं मिळणारं दुकान. टोकियोत, निशी-कसाईच्या स्टेशनाजवळच्या अशाच एका दुकानात मी गेली सहा-सात वर्षं काम करते आहे. ‘‘अनघाताई, आई गेली. सकाळी, झोपेतच,’’ मीनल म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिने पुढचं विचारलं, ‘‘तुझ्याकडे तिचा एखादा बरा फोटो आहे का गं? त्यांना संध्याकाळपर्यंत हवाय.’’ त्यांना म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्यांना. इथे गेलेल्या माणसाचा मोठ्या चौकटीतला फोटो फुलांच्या मधोमध ठेवतात, त्याच्याशिवाय पुढचं काही हलत नाही. मी ‘शोधते’ म्हटलं आणि तिथेच, डबा तसाच उघडा टाकून, मोबाइलमध्ये शोधायला लागले. रडू नंतर आलं… घरी निघताना, सायकलचं कुलूप उघडेना तेव्हा.

फोटो नव्हता. नव्हता म्हणजे, होते की ढीगभर, पण प्रत्येकात कुमुदताई अर्ध्याच. हळदीकुंकवात पाठमोऱ्या. गणपतीत कुणाच्या तरी खांद्याआड. सहलीत ‘‘थांब, मी काढते’’ म्हणत मोबाइल हिसकावून घेणारा एक हात आणि त्यामागे निळ्या स्वेटरची बाही. निशी-कसाईतल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरातला भिंतीवरचा कुटुंबाचा फोटो ज्यांनी काढला, त्यांचा स्वतःचा धड एक फोटो कुणाकडे निघेना. शेवटी रेसिडेन्स कार्डावरचा मोठा करून लावला. त्या फोटोत त्या अशा दिसत होत्या, जणू व्हिसाची मुदत संपलीय आणि तरीही त्या जायला तयार नाहीत. विधी चालू असताना माझी नजर सारखी त्या फोटोकडे जायची आणि मला भलत्या वेळी हसू यायचं. कुमुदताईंना ते चाललं असतं. फोटो मात्र अजिबात चालला नसता. ‘‘हात कुठायत?’’ असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं असतं.

कुमुदताई लग्न होऊन कोबेला आल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. श्रीधरराव तिथल्या एका व्यापारी कंपनीत होते. दिवसभर घरात बसून करायचं काय, म्हणून त्यांनी उताराच्या रस्त्यावरच्या एका जुन्या फोटो स्टुडिओत काम धरलं. मालक तामुरा-सान नावाचे वयस्क गृहस्थ. कुमुदताईंना जपानी येत नव्हतं, तामुरा-सानांना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे त्यांनी यांना बोलायला न लागणारं काम दिलं, बारीक ब्रशाने फोटोंवरचे डाग, मुरुमं, सुरकुत्या पुसायचं. पुढे पाच-सहा वर्षांत त्या कॅमेऱ्यामागे गेल्या. तिथे मुलामुलींचे लग्न जमवण्यासाठी पाठवायचे फोटो काढायला लोक येत. ‘‘आपल्या स्थळाच्या फोटोंसारखेच गं,’’ त्या सांगायच्या. ‘‘फक्त आपल्याकडे कुंडीशेजारी उभं करायचे, इथे पंखा हातात द्यायचे.’’ तामुरा-सानांकडे एक जाडजूड, विटकरी कापडात बांधलेलं पुस्तक होतं. तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या युरोपातली, बरोक म्हणतात त्या काळातली कुटुंबचित्रं. माणसं कशी बसवायची, कोण कुणाकडे वळलेलं असावं, हे सगळं ते त्या पुस्तकात बोट ठेवून शिकवत. त्यांचा एकच शब्द कुमुदताईंना पहिल्या दिवसापासून कळला होता : ‘ते’. म्हणजे हात. तामुरा-सान जाताना ते पुस्तक कुमुदताईंना देऊन गेले.

श्रीधरराव निवृत्त झाल्यावर दोघं लेकीजवळ, निशी-कसाईला राहायला आली. तोवर इथे बँकांतले, आयटीतले मराठी संसार बरेच झाले होते. कुणी तीन वर्षांसाठी आलेले, कुणी तीन वर्षांसाठी येऊन दहा वर्षं राहिलेले. प्रत्येकाला घरी फोटो पाठवायचा असे. कुमुदताईंनी हौसेने एक-दोघांचे काढले आणि मग रविवारी सकाळी त्यांच्या घरी रांगच लागायला लागली. हॉलमधलं जेवणाचं टेबल बाजूला सरकवायचं, मागे गडद हिरवा पडदा, दोन खुर्च्या, एक तिवई. तिवईवर त्यांच्या रुखवतातला पितळी तांब्या. तो तांब्या प्रत्येक फोटोत असायचा, आणि तो दुसऱ्या कुणी हलवलेला त्यांना खपायचा नाही. आदल्या दिवशी त्या तो उमेबोशीने, म्हणजे इथल्या खारवलेल्या आंबट आलुबुखाराने घासायच्या. कोबेला पहिली काही वर्षं चिंच मिळायची नाही, तेव्हाची ही युक्ती. तांब्या असा लखलखायचा की रांगेतल्या बायका त्यात टिकली नीट करून घ्यायच्या. मी एकदा विचारलं, रोज रोज हाच तांब्या कशाला? तर म्हणाल्या, घरचं एखादं भांडं असलं की घर वाटतं.

फोटो काढायच्या क्षणी त्या कॅमेऱ्याच्या वर डाव्या हातात बेसनाचा लाडू धरायच्या. लहान मुलांनी इकडे बघावं म्हणून ही सुरुवात झाली असावी, पण मोठी माणसंही त्याच लाडवाकडे बघून हसायची. जो सगळ्यात चांगला हसेल त्याला तो मिळायचा. हा लाडू बहुतेक वेळा नवरे लोकांनी पटकावला आहे.

माझी त्यांच्याशी खरी गट्टी जमली ती उएनोला, एका चित्रप्रदर्शनात. इथे येऊन मला दोन-तीनच महिने झाले होते. पुण्यात मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. प्रसादला बँकेने टोकियोला पाठवलं, मी नोकरी सोडली, रेवाला बालवाडीत घातलं आणि दिवसभर खिडकीतून समोरच्या गॅलरीतली वाळत घातलेली अंथरुणं मोजायला लागले. कुमुदताई एकदा किराणा घेताना भेटल्या आणि म्हणाल्या, बुधवारी चल माझ्याबरोबर, एका शेटजींच्या घरी जायचंय. शेटजी म्हणजे सतराव्या शतकातला एक व्यापारी निघाला, भिंतभर मोठ्या चित्रातला, बायको आणि सहा मुलांसह. मला तर काळ्या कपड्यांतली आठ उदास माणसं दिसली. कुमुदताई म्हणाल्या, ‘‘आधी हात बघ. तोंडं सगळ्यांची सारखीच शहाणी असतात.’’

मग त्यांनी मला ते चित्र वाचून दाखवलं. शेटजींच्या हातात हातमोजा होता, पण घातलेला नाही, नुसता धरलेला. म्हणजे यांना हाताने काम करावं लागत नाही. कपडे काळे, कारण पक्का काळा रंग बसायला कापड पुन्हा पुन्हा बुडवावं लागे, आणि तो सगळ्यात महाग. (माझ्या सासूबाईंना शुभकार्यात काळं म्हटलं असतं तर त्यांनी संक्रांतीपर्यंत थांबायला सांगितलं असतं.) टेबलावर तुर्की गालिचा, कारण एवढा महाग गालिचा पायाखाली कोण घालणार. त्यावर चांदीचा सुरई-पेला, अर्धवट सोललेलं लिंबू. ‘‘हे टेबल म्हणजे रुखवत आहे बघ,’’ त्या म्हणाल्या. मोठ्या मुलीने द्राक्षांचा घोस देठाशी धरला होता, ती शीलवान. पायाशी कुत्रा, तो बाईंच्या निष्ठेचा. तान्ह्याच्या हातात पोवळ्याचं खेळणं. ‘‘दृष्ट लागू नये म्हणून. आपण तीट लावतो, त्यांनी पोवळं दिलं.’’ मागचा संगमरवरी खांब आणि मखमली पडदा मात्र शेटजींच्या घरातला नव्हेच, तो चित्रकाराच्या स्टुडिओतला, येईल त्या गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहणारा. पूर्वी जत्रेतल्या फोटोवाल्याकडे मागे रंगवलेला ताजमहाल असायचा तसा. आणि वर ढगात दोन पंखवाली बाळं होती. मी म्हटलं, देवदूत. त्या म्हणाल्या, ‘‘नाही गं, यांची गेलेली मुलं. गेलेली मुलंही मोजायची. कुटुंबाच्या चित्रातून कुणाला वगळायचं नाही.’’ मी विचारलं, आणि चित्रकाराची पत काय? तर हसून म्हणाल्या, त्याला मागच्या दाराने बोलावत असतील, पण तोही काही कच्च्या गुरूचा चेला नसतो. मग त्या चांदीच्या सुरईत नाक खुपसायच्या बेताने पुढे वाकल्या, इतक्या की कोपऱ्यातल्या खुर्चीवरची पहारेकरीण हळूच उठून उभी राहिली. मला वाटलं, सुरई कशाने घासली असेल ते बघतायत.

परतताना ट्रेनमध्ये त्यांनी मला विचारलं, ‘‘तुझं चित्र काढलं तर तुझ्या हातात काय देशील?’’ पुण्यात असते तर खडू म्हटलं असतं.

पुढच्याच महिन्यात मी कोम्बिनीतलं काम धरलं. इथे त्याला आरुबाईतो म्हणतात, आपण पार्टटाइम म्हणू. कामात मी रमले, खोटं कशाला बोलू. पण साताऱ्याला सासरी काय सांगायचं? लेक्चरर सून दुकानात भजी तळते हे फोनवर सांगायची माझी हिंमत होईना. प्रसादने आईला ‘‘अनघा शिकवते’’ एवढंच मोघम सांगून टाकलं. काय शिकवते हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. तेवढ्यात सासऱ्यांची पंचाहत्तरी आली. थोरल्या जाऊबाईंनी न्यू जर्सीहून दोन फूट बाय तीन फुटांचा फोटो पाठवला. मागे दुमजली घर, पुढे गाडी, बाजूला सोनेरी केसांचा कुत्रा. तो बैठकीच्या खोलीत लागलाही. शेजारी एक खिळा मोकळा आहे, असं सासऱ्यांनी प्रेमाने कळवलं. आमच्याकडे ना घर ना गाडी, आणि भाड्याच्या घरात कुत्रा पाळायची परवानगी नाही. तीन दिवस विचार करून मी कुमुदताईंकडे गेले आणि म्हटलं, माझ्या हातात कोतो पाहिजे. कोतो म्हणजे तेरा तारांचं, माणसाहून लांब असं इथलं वाद्य. पैठणी, नथ आणि पुढे कोतो, यापुढे न्यू जर्सीची गाडी काय टिकणार!

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. कॉलेजातलं एखादं पुस्तक घे, म्हणाल्या. मी नको म्हटलं. मग दुकानाचा निळा एप्रन घडी करून मांडीवर ठेव, तोही छान दिसेल. मी असं काही तोंड केलं की त्यांनी विषयच सोडला. रागावल्या मात्र नाहीत. त्या शेटजींच्या बायकोची लेसची कॉलरही उसनी असेल कदाचित, कुणी सांगावं, असं म्हणून त्यांनी वॉर्डाच्या सभागृहात चालणाऱ्या कोतोच्या वर्गातून एका रविवारसाठी वाद्य मागून आणलं. आणलं म्हणजे श्रीधररावांनी पुढून आणि प्रसादने मागून धरून, पांढऱ्या कापडात गुंडाळून, भर रस्त्यातून चालत आणलं. समोरून येणाऱ्या एक आजी थांबल्या, बाजूला झाल्या आणि कमरेत वाकून नमस्कार करून गेल्या. श्रीधरराव मागे न बघता म्हणाले, ‘‘प्रसाद, आपण बहुतेक कुणाला तरी नेतोय.’’ हे दोघं दारात पोचले तेव्हा हसून हसून दोघांनाही उभं राहवत नव्हतं, आणि त्यातून कोतो खाली पडला नाही हे त्या वाद्याचं नशीब.

फोटोला मला प्रसादच्या उजवीकडे बसवलं. त्या जुन्या चित्रांत मानाची उजवी बाजू नवऱ्याची असे, पण कुमुदताई बायकांना पूजेतल्यासारखं उजवीकडेच बसवत. पुढे सासऱ्यांनी ते ‘शास्त्रानुसार’ म्हणून वाखाणलं. रेवाच्या हातात संत्रं. तिवईवर तांब्या, तो त्यांनी तीनदा सरकवला. माझा हात तारांवर ठेवताना त्या थबकल्या. मनगटाच्या वर मला तळणीच्या तेलाने भाजलं होतं, दुकानातल्या कढईशी पहिल्या आठवड्यातच माझी ओळख झाली होती. मी म्हटलं, ताई, तो डाग तेवढा काढून टाका हं. ‘‘बघते,’’ त्या म्हणाल्या. मग लाडू वर झाला, आम्ही हसलो, आणि प्रसादला लाडू मिळाला.

फोटो साताऱ्याला गेला, खिळ्यावर लागला आणि गावभर झालं की अनघा जपानी वीणा शिकवते. खोटं बोलायला मला एक शब्दही उच्चारावा लागला नाही, सगळं फोटोच बोलत होता. आपण आपला असा फोटो कितीदाही बघितला तरी त्यात आपला चेहराच बघतो. माझ्या मोबाइलमध्ये तो होता. मी त्यात माझी पैठणी, माझी नथ आणि माझी हनुवटी सोडून काही पाहिल्याचं मला आठवत नाही.

पापाचं फळ कोणाला चुकलंय? तीन वर्षांपूर्वी सासूसासरे इकडे आले. विमानतळावरून घरी येताना ट्रेनमध्येच सासरे म्हणाले, आता प्रत्यक्ष ऐकायचं हं. त्याआधी दीड महिना मी त्या कोतोच्या वर्गात जाऊन बसत होते, बोटांत नख्या अडकवून, सत्तरीच्या जपानी आज्यांच्या शेजारी. मला एक लहान मुलांना शिकवतात ती धून तेवढी जमली, तीही मध्ये एकदा थांबून. कुमुदताईंच्या हॉलमध्ये मैफल झाली. सासऱ्यांनी डोळे मिटले आणि शेवटी ‘‘अप्रतिम’’ म्हणाले, पण मधल्या थांबण्याच्या वेळी ते घोरले हे सगळ्यांनी ऐकलं. सासूबाई मात्र डोळे उघडे ठेवून बसल्या होत्या. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. कुमुदताई स्वयंपाकघरात चहा करायला म्हणून गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत. मी आत गेले तर ओट्याला टेकून, तोंडात पदर कोंबून हसत होत्या. डोळे पुसून म्हणाल्या, ‘‘तू अजून वाजव, म्हणजे तुझ्या सासूबाई तुला दुकानातलं काम धर म्हणून विनवतील.’’ मलाही हसू आलं, पण त्या रात्री मला वाईट वाटत राहिलं. सासूबाई सरळ बाई आहेत. त्यांना फसवताना मला जड जात होतं आणि खरं सांगायची वेळ दरवेळी पुढे जात होती.

कुमुदताईंची माझी शेवटची भेट त्या जायच्या दहा-बारा दिवस आधीची. कचऱ्याचा दिवस होता. त्या बाटल्यांच्या पेटीत बाटल्या आणि डब्यांच्या पेटीत डबे टाकत होत्या, मी कामावर निघाले होते. दुकानात नव्या येणाऱ्या मुलींना काम शिकवायचं आता माझ्याकडे आलंय, हे मी त्यांना सांगितलं. नेपाळच्या, व्हिएतनामच्या मुली, त्यांना गल्ला, वाकून बोलणं, तळण सगळं दाखवायचं. म्हणाल्या, म्हणजे शिकवतेस की! मग एकदम विचारलं, ‘‘साताऱ्याचा फोटो कधी नीट बघितलास का गं?’’ मी घाईत होते. हो, बघितलाय की, म्हटलं आणि सायकलवर टांग मारली. मागे वळून पाहिलं तेव्हा त्या हातातली बाटली उन्हात धरून तिच्यात बघत होत्या.

चौदाव्या दिवशी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांची कुमुदताईंशी ओळख त्या एकाच भेटीतली, पण दोघी एकमेकींना फोन करत असत हे मला तेव्हाच कळलं. बोलता बोलता मी म्हटलं, अहो आई, सगळ्यांचे फोटो काढले त्यांनी, आणि त्यांचा एकही नाही बघा. सासूबाई म्हणाल्या, ‘‘असं कसं? आमच्या भिंतीवर आहेत की त्या.’’ मला वाटलं, वयामुळे काहीतरी गोंधळ होतोय. त्या उठल्या, मोबाइल हातात धरून भिंतीपाशी गेल्या आणि फोटोच्या इतक्या जवळ नेला की मला आधी नुसता पिवळा रंग दिसला. ‘‘तांब्यात बघ,’’ त्या म्हणाल्या.

तांब्याच्या फुगीर पोटात, नखाएवढी, एक बाई उभी होती. निळं स्वेटर, तिपायीवरचा कॅमेरा, आणि वर केलेला डावा हात. पदार्थविज्ञान शिकवणारी मी, बहिर्वक्र आरसा फळ्यावर शंभरदा काढला असेल, त्यात अख्खी खोली मावते हे पोरांना घोकून घेतलं असेल, आणि सहा वर्षं माझ्या फोटोतला तांब्या मला फक्त तांब्या दिसला. सासूबाईंची दुपारची खुर्ची त्या भिंतीसमोर आहे. पोथी वाचून झाली की त्या तो फोटो वाचतात. त्यांनी पहिल्याच महिन्यात तांब्यातली ही बाई शोधून काढली होती, ती कोण हे त्यांना इथे आल्यावर कळलं.

मी रडायलाच लागले. त्या म्हणाल्या, ‘‘आता तुझा हातही बघ.’’ मोबाइल सरकला. कोतोच्या तारांवर माझा हात, आणि मनगटाच्या वर भाजल्याचा डाग, जसाच्या तसा. आयुष्यातली पाच वर्षं लोकांचे डाग पुसण्यात घालवलेल्या बाईने माझा तेवढा ठेवला होता.

‘‘तळणाचा डाग मला कळतो गं,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘वाजवणाऱ्या बाईला असा कुठून येणार? पण तू सांगेपर्यंत विचारायचं नाही असं ठरवलं होतं. फारच वेळ लावलास.’’

मग मी सगळं सांगितलं. दुकान, एप्रन, कढई, नव्या मुली, दीड महिन्याचा कोतो. त्या मध्येच एकदा हसल्या, ‘‘ते वाजवणं शिकलेलं नव्हतं एवढं तर यांनाही झोपेत कळलं असेल,’’ म्हणाल्या. इतकी वर्षं छातीवर ठेवलेला दगड असा दहा मिनिटांत, चहा गार व्हायच्या आत उतरला. तो मी आधीच का उतरवला नाही? भीती वाटत होती, एवढंच खरं.

त्या शनिवारी आम्ही निशी-कसाईतल्या घराघरांतले फोटो भिंतीवरून उतरवून श्रीधररावांकडे नेले. प्रत्येकात हिरवा पडदा, प्रत्येकात तांब्या आणि प्रत्येक तांब्यात कुमुदताई. जुन्या फोटोत केस काळे, मग करडे, मग पांढरे. एकात गुडघा दुखत होता तेव्हाची काठी. एकात मागे दारात उभे श्रीधररावही सापडले. रेवा आता अकरा वर्षांची आहे, तिने एकेक तांब्या पाहिला आणि आधी जपानीत, मग माझ्यासाठी मराठीत म्हणाली, ‘‘आजी सगळ्यांच्या घरी होती.’’ मीनल फोटो क्रमाने लावत होती. मला उएनोचा तो चित्रकार आठवला, मागच्या दाराने येणारा, आणि चांदीच्या सुरईत नाक खुपसणाऱ्या कुमुदताई… त्या तेव्हा कुणाला शोधत होत्या हे आता कळलं. श्रीधरराव बराच वेळ भिंग घेऊन बसले होते. मग मला म्हणाले, ‘‘अनघा, हिच्या हातात काय आहे बघ.’’ वर केलेल्या हातात एक पिवळा ठिपका होता. लाडू.

पुढच्या रविवारी त्यांच्या घरचा फोटो काढायचं ठरलं. श्रीधरराव, मीनल, जावई आणि नातू. मीनल म्हणाली, आईच्या कॅमेऱ्याने तूच काढ. आईसाठी काय ठेवायचं यावर थोडी चर्चा झाली. तिचा चष्मा, तिचं स्वेटर, ते विटकरी पुस्तक. श्रीधररावांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि चर्चा संपली. मी सकाळची पाळी संपवून थेट तिथे गेले होते. आदल्या दिवशी उमेबोशीने घासून ठेवलेला तांब्या मी तिवईवर ठेवला, तीनदा सरकवला. चौथ्यांदा कॅमेऱ्यातून बघितलं तेव्हा तो बरोबर बसला होता. मग मी डावा हात वर केला. नातू लाडवाकडे बघून हसला, जावई हसले, मीनल डोळे भरलेले असताना हसली. श्रीधरराव सगळ्यांत शेवटी हसले आणि लाडू त्यांना मिळाला.

फोटोची एक प्रत मी साताऱ्याला पाठवली. आठवड्याने दुपारी, त्यांच्या पोथीच्या वेळेनंतर, फोन आला. फोटो पोचला, श्रीधरराव वाळलेत, नातू आजीच्या वळणावर गेलाय, असं सगळं सांगून झालं. मग सासूबाई खुर्चीतून उठून भिंतीजवळ गेल्याचं मला ऐकू आलं.

‘‘दिसलीस गं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एप्रन निळा आहे होय तुमचा?’’